शेवटचे चार आकडे

वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांवरचे बोर्ड वाचत चालणं हा माझा जुना छंद आहे. रोड नंबर १६ धरून २२ नंबर सर्कलच्या दिशेनं निघालं की प्रेस टूल, डाय मेकिंग, पावडर कोटिंग, सीएनसी जॉबवर्क, कोरुगेटेड बॉक्स अशी कामांची नावं दोन्ही अंगांना दिसत जातात. प्रत्येक बोर्डावर मालकाच्या नावापेक्षा ठळक रंगात असतो तो मोबाइल नंबर. मी हे बोर्ड नंबरांसाठीच वाचतो. कुठे शेवटी चार शून्यं, कुठे ५०-५०-५०, कुठे पायरीपायरीनं चढत जाणारे आकडे. असा नंबर दिसला की मी आत जातो आणि विचारतो, "हा नंबर मिळवला कसा?" गिऱ्हाइकांची नावं आणि कामाचे दर याबद्दल हातचं राखून बोलणारी माणसं नंबराबद्दल मात्र भरभरून बोलतात.

किसननगरच्या बाजूला एका गाळ्यावर पत्र्याचा जुना बोर्ड आहे. त्यावर सगळ्यात खाली, फिकट निळ्या रंगात, ५८२ नं सुरू होणारा सात आकडी नंबर आहे. त्याच्या डावीकडे वेगळ्या ब्रशनं, जरा तिरका काढलेला २. मुंबई-ठाण्याचे लँडलाइन नंबर २००२ मध्ये आठ आकडी झाले तेव्हाचा तो २. पेंटरनं तो उरलेल्या जागेत कसाबसा बसवलेला आहे. त्याच्या वर लाल रंगात ९८२० नं सुरू होणारा मोबाइल आणि अगदी अलीकडे चिकटवलेल्या फ्लेक्सच्या पट्टीवर व्हॉट्सअ‍ॅपच्या हिरव्या चिन्हाशेजारी पुन्हा तोच मोबाइल. मालक म्हणाले, "भागीदार गेला, फर्मचं नाव बदललं, लेथ विकून सीएनसी घेतली. नंबर सोडला नाही. माल घेणारा नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतो." हव्या त्या नंबरासाठी माणूस धडपडतो त्याचं खरं कारण मला या वाक्यात सापडतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकतो. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. त्या काळात फोन मिळणं हेच मोठं होतं, कुठला नंबर हा प्रश्नच नव्हता. वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, घाई असेल तर आगाऊ रक्कम भरून 'ओवायटी' ('ओन युवर टेलिफोन') योजना. १९८६ मध्ये एमटीएनएल आल्यावरही नंबर देईल तो घ्यायचा. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला कॉल हा देशातला पहिला मोबाइल कॉल. सुरुवातीला मिनिटाला १६ रुपयांच्या घरात दर, आलेल्या कॉललाही पैसे. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मोबाइल खऱ्या अर्थानं सगळ्यांचा झाला.

ठाणे-कल्याण पट्ट्यात मोबाइल नंबराला एक जादा महत्त्व होतं, ते बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. ठाणे लँडलाइनसाठी मुंबईच्याच ०२२ मध्ये. कल्याण-डोंबिवली मात्र ०२५१ मध्ये, बीएसएनएलकडे. मुंब्रा ओलांडलं की एसटीडी लागायची. पण मोबाइलच्या परवान्यांत मुंबई मंडळाची हद्द आखताना कल्याणचा टेलिफोन विभाग मुंबईतच धरला गेला. त्यामुळे डोंबिवलीच्या घरातला फोन परगावचा आणि त्याच घरातल्या माणसाच्या खिशातला मोबाइल मुंबईचा, अशी स्थिती झाली. वागळे इस्टेटमध्ये कामाला येणाऱ्या डोंबिवलीकर सुपरवायझरनं ९८२० किंवा ९८२१ घेतला की तो कंपनीला आणि कंपनी त्याला 'लोकल' झाली. तेव्हा मालिकेवरून कंपनी कळायची: ९८२० मॅक्स टच, म्हणजे पुढे ऑरेंज, हच, व्होडाफोन, ९८२१ बीपीएल, नंतर लूप, ९८९२ एअरटेल, ९८६९ एमटीएनएलचा डॉल्फिन. पहिले चार आकडे ऐकून माणूस कधीपासून मोबाइल वापरतो याचाही अंदाज बांधता यायचा.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, नंबरांच्या गणिताकडे.

समजा, नंबराचे पहिले पाच आकडे ठरलेले आहेत. मग उरलेल्या पाच आकड्यांत बरोबर एक लाख नंबर बसतात. या लाखात पाचही आकडे सारखे असलेले नंबर दहाच. शेवटचे चार सारखे असलेले, वरचे दहा धरून, शंभर. शेवटचे चार चढत्या क्रमानं हवेत, म्हणजे ०१२३ पासून ६७८९ पर्यंतचा एखादा तुकडा, तर सत्तर. उलटसुलट सारखेच वाचले जाणारे पाच आकडे मात्र तब्बल एक हजार. जोड्यांचे नंबर, म्हणजे ११२२, १२१२ किंवा १२२१ या घाटाचे, घेतले तर दर घाटाचे नऊशे, तिन्ही मिळून २,७००. दुकानदार ज्याला 'व्हीआयपी' म्हणतो तो चार सारख्या आकड्यांचा नंबर हजारात एक निघतो आणि लक्षात राहायला जवळपास तितकाच सोपा १२२१ च्या घाटाचा नंबर शंभरात जवळजवळ एक. किमतीत मात्र या दोघांमध्ये कितीतरी पटींचा फरक असतो. कानाला गोड आणि खिशाला परवडणारा नंबर हवा असेल तर चौकडीच्या मागे लागू नका, जोड्या शोधा.

बेरजेचंही तसंच. "टोटल नऊ आली पाहिजे," असं सांगणारे खूप भेटतात. दहा आकड्यांची बेरीज करत एका अंकावर आणली की दर नऊ नंबरांमागे एक नंबर नऊचा निघतो. लाखात अकरा हजारांवर. त्यासाठी जादा पैसे मागणारा दुकानदार तुमच्या श्रद्धेची किंमत लावतो आहे, दुर्मीळपणाची नव्हे. यादी समोर घ्या, बेरीज स्वतः करा, पाच मिनिटांत हवा तो सापडेल.

जन्मतारखेचं गणित मला सगळ्यात जास्त आवडतं. शेवटच्या सहा आकड्यांत दिवस, महिना आणि वर्षाचे दोन आकडे बसवायचे असतील तर चार आकडी प्रत्येक मालिकेत असा नंबर एकच असतो. तो कुणीतरी आधीच घेतलेला असण्याची शक्यता मोठी. आता पूर्ण वर्षासकट आठ आकडी तारीख घ्या. ९८ बाजूला ठेवला की उरलेल्या आठ आकड्यांत दिवस, महिना, वर्ष नेमकं बसतं. पण मग ९८ च्या पुढचे दोन आकडे म्हणजे जन्माचा दिवस झाला पाहिजे. मुंबई मंडळाच्या जुन्या ९८ मालिकांत महिन्याच्या दिवसाशी जुळणाऱ्या म्हणजे ९८१९, ९८२० आणि ९८२१. म्हणजे या मालिकांत पूर्ण जन्मतारीख मिळण्याचा योग १९, २० आणि २१ तारखेला जन्मलेल्यांनाच. २२ आणि २३ तारखेवाले पुण्या-नाशकाकडे भाग्यवान, कारण ९८२२ आणि ९८२३ या उर्वरित महाराष्ट्राच्या मालिका. रिलायन्सच्या ९३२२, ९३२३, ९३२४ मुंबईत आल्यावर २२ ते २४ वाल्यांची इथेही सोय झाली. महिन्याच्या ३० किंवा ३१ तारखेला जन्मलेल्यांनी ९८ च्या मालिकेत मुंबईत ही हौस करू नये. ती पुरवायला मालिकाच नाही. वागळे इस्टेटमधल्या एका डाय मेकरनं आपला २० तारखेचा असा पूर्ण नंबर मला दाखवला. कागदावर लिहून, मध्ये दोन रेघा मारून त्यानं तारीख वेगळी केली, तेव्हा मला झालेला आनंद त्याच्यापेक्षा कमी नव्हता.

नंबर नुसता दिसायला चांगला असून भागत नाही, तो बोलायलाही सोपा हवा. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीस, त्रेसष्ट यांच्या जोडीला 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की मराठीत आधी एकक बोललं जातं आणि लिहिताना आधी दशक येतं, तिथे मूल अडतं. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, कारण फोनवर नंबर देताना हेच रोज घडतं. 'त्रेचाळीस' म्हटलं की ऐकणाऱ्याचं बोट आधी तीनवर जातं. आणि सगळ्यात घोटाळा होतो तो एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचा. यंत्रांच्या आवाजात यातला फरक कळत नाही. शेवटी नऊ हवा म्हणून ५९, ६९, ७९ घेणाऱ्यांना माझा सल्ला असतो की गिऱ्हाईक मराठी असेल तर हे टाळा. इस्टेटीतला माल घेणारा आज मराठी, गुजराती, उत्तर भारतीय असा कुणीही असू शकतो. दुकानात नंबर इंग्रजीत, एकेक आकडा सुटा करून सांगण्याची पद्धत पडली ती याच कारणानं असावी. ०, २, ५, ७ हे आकडे मिसळलेला, एखादी जोडी असलेला नंबर कुठल्याही भाषेत नीट पोचतो.

पुष्कळांना वाटतं की नंबर सिम कार्डात असतो. तसं नाही. सिम कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला लांबलचक आकडा भिंगाखाली पाहा. तो ८९९१ नं सुरू होतो: ८९ म्हणजे दूरसंचार, ९१ म्हणजे भारत. कार्डाच्या आत आणखी एक ओळखक्रमांक असतो, तो आपल्याकडे ४०४ किंवा ४०५ नं सुरू होतो. तुमचा दहा आकडी नंबर कंपनीच्या मध्यवर्ती नोंदवहीत या ओळखक्रमांकासमोर लिहिलेला असतो, इतकंच. म्हणून कार्ड हरवलं, मोडलं, जुन्याचं नॅनो झालं, तरी नंबर तोच राहतो. याचा दुसरा अर्थ, तुमच्या नावाची खोटी कागदपत्रं दाखवून कुणी नवं कार्ड काढलं तर नंबर त्याच्याकडे जातो. फोनची रेंज अचानक गेली आणि परत येईना, तर आधी कंपनीला आणि बँकेला कळवा.

हवा तो नंबर मिळवण्याचा सरळ रस्ता आज बराच सोपा आहे. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर नवीन कनेक्शनच्या पानावर जायचं, पिनकोड टाकायचा (वागळे इस्टेटचा ४००६०४), हवे ते आकडे शोधायचे. शोधताना 'शेवटी' आणि 'कुठेही' असे पर्याय मिळतात, त्यात आधी 'कुठेही' वापरावा. बहुतेक नंबर साध्या कनेक्शनच्याच पैशांत मिळतात, काहींना किंमत लावलेली असते. जिओनं ४९९ रुपयांत शेवटचे चार ते सहा आकडे निवडण्याची सोय दिली होती. दर बदलत राहतात, घेताना पाहून घ्यावेत. आज यादीत नसलेला नंबर पुढच्या महिन्यात दिसू शकतो, कारण बंद पडलेले नंबर परत यादीत येत असतात. बीएसएनएल चांगल्या नंबरांचा ऑनलाइन लिलाव करते, आणि २०२५ च्या सुरुवातीपासून मुंबई-ठाण्यात एमटीएनएलचं कामही तीच पाहते. लिलावाची पद्धत मला सगळ्यात स्वच्छ वाटते: किमान बोली जाहीर, मुदत जाहीर, बोली समोर दिसते.

बोली कुठवर जाऊ शकते त्याची दोन उदाहरणं. चीनमधल्या सिचुआन एअरलाइन्सनं २००३ मध्ये आठ वेळा आठ हा नंबर २३ लाख ३० हजार युआनला घेतला, कारण तिथे आठ हा भरभराटीचा आकडा. कतारमध्ये २००६ च्या मे महिन्यात सात वेळा सहा हा नंबर धर्मादाय लिलावात एक कोटी रियालला गेला आणि सर्वांत महागडा टेलिफोन नंबर म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याकडे अशी चढाओढ गाड्यांच्या नंबरांवर दिसते. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये दर वाढवले तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या जास्त मागणीच्या भागांत चारचाकीच्या ०००१ या नंबराचं शुल्क ६ लाखांवर गेलं. एमएच-०४ असो की कल्याणचा एमएच-०५, आरटीओचा दर निदान सरकारी अधिसूचनेत छापलेला असतो. मोबाइल कंपन्यांनीही आपल्या खास नंबरांचे दर असे एकत्र, उघड छापायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

मिळवलेला नंबर टिकवण्याची गोष्टही मुंबई-ठाण्यात घडलेली आहे. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याची सोय २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर सुरू झाली. १९०० वर पोर्टचा एसएमएस, आलेला कोड, नव्या कंपनीत कागदपत्रं, संपलं. याची खरी परीक्षा झाली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये, लूपचा परवाना संपला तेव्हा. जुने ९८२१ वाले, त्यांत कितीतरी लघुउद्योजक, दुकानांपुढे रांगा लावून उभे होते. कंपनी जाणार याचं दुःख कुणाला नव्हतं. नंबर जाईल ही भीती होती. पुढे २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सची सेवा बंद होताना ९३२२-९३२३ वाल्यांनी तेच केलं. आज इस्टेटीतल्या बोर्डांवर ९८२१ दिसतो त्यातला प्रत्येक नंबर अशा स्थलांतरातून वाचलेला आहे.

मोठ्या कंपन्या आणि महावितरणसारखी खाती आणखी एक शहाणपणाची गोष्ट करतात. नंबर माणसाला नव्हे, पदाला देतात. अभियंता बदलून जातो, नंबर पुढच्या अभियंत्याकडे. लहान कारखानदारांनी हे शिकण्यासारखं आहे. सेल्समनच्या खासगी नंबरावर धंदा चालला की सेल्समनबरोबर गिऱ्हाईकही जातं.

आता सावधगिरीचं. 'नवा' म्हणून मिळणारा नंबर बहुतेक वेळा कुणीतरी वापरलेला असतो. बंद केलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढेही सांगितलं गेलं. पण ९० दिवसांत जुन्या मालकाची घेणेकरी मंडळी विसरत नाहीत. डोंबिवलीतल्या माझ्या परिचयाच्या एका पोळी-भाजी केंद्रवाल्या ताईंनी एका कंपनीकडून छान जोड्यांचा नंबर घेतला आणि कित्येक महिने त्यांना कुणा अनोळखी माणसाच्या थकलेल्या कर्जाचे फोन येत राहिले. त्या हिमतीच्या, नंबर सोडला नाही. पण पत्रकं छापून झाली होती हेही कारण होतंच. म्हणून नंबर पक्का करण्याआधी तो फोनमध्ये सेव्ह करून व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचा फोटो दिसतो का पाहावं, यूपीआय अ‍ॅपमध्ये टाकून कुणाचं नाव येतं का पाहावं. येत असेल तर दुसरा निवडावा.

आणि दलाल. व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या फिरतात: 'शेवटी पाच सात, फक्त इतके हजार, लगेच पोर्ट कोड.' पैसे आधी, कोड नंतर. कोड आलाच नाही तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? आला तरी नंबर आजवर कुणाच्या नावावर होता, कशासाठी वापरला गेला, काहीच कळत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याच्या ओळखीवर किंवा फसवणुकीनं सिम घेतल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम, ही मर्यादाही आहेच. तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते 'संचार साथी' पोर्टलवर फुकट पाहता येतं. किसननगरमधल्या एका रिचार्जवाल्याच्या सांगण्यावरून मी माझं पाहिलं, तुम्हीही पाहा.

कितीही पैसे मोजले तरी नंबराची मालकी आपली होत नाही. नंबर ही सरकारची संपत्ती. सरकार ते कंपनीला वाटतं, कंपनी आपल्याला वापरायला देते. जून २०२४ मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'नं नंबरांच्या वाटपावर चर्चापत्र काढलं आणि दोन सिमवर पैसे लागणार अशी आवई उठली. ट्रायनं आठवडाभरातच ती फेटाळली. वापराचा हक्क मात्र वापरूनच टिकतो. सलग ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही आणि खात्यात पुरेशी शिल्लक नसेल, तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांचा, बंद ठेवलेल्या गाळ्याचा, जुन्या व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर कपाटातल्या एखाद्या साध्या फोनमध्ये पडून असेल, आणि बँकेचं खातं, गॅसचं कार्ड, शेअरचं डिमॅट त्यालाच जोडलेलं असेल. तो फोन आज चार्जिंगला लावा, सगळ्यात लहान रिचार्ज मारा आणि त्यावरून कुणाला तरी एक कॉल करा.